जुबिली कुठून मोजायची?

बडोद्याच्या जुन्या गावाला चार दरवाजे. पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि पूर्वेला आमचं पाणीगेट. मधोमध मांडवी. या पाणीगेटच्या आत, एका पोळीच्या तोंडाशी असलेल्या मराठी प्राथमिक शाळेत मी वीसेक वर्षं शिकवलं. माहेर माझं नवापूरचं. आमच्या गावचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. एकाच फलाटावर दोन राज्यं. त्यामुळे लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा परमुलखात आल्यासारखं वाटलं नाही. शिवाय नवापूरच्या शेजारचं सोनगड ही तर गायकवाडांची पहिली गादी. पिलाजीरावांनी तिथूनच गुजरातेत पाय रोवले. आमच्याकडचे म्हातारे सोनगड-व्यारा म्हणायचेच नाहीत, ‘गायकवाडी’ म्हणायचे. लहानपणी मला वाटे, गायकवाडी हे एखाद्या मोठ्या वाडीचं नाव असावं.

बडोद्याच्या मराठी मुलांची भाषा हा एक स्वतंत्र विषय आहे. घरी मराठी, ओटल्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. शून्याला ती ‘मिंडं’ म्हणतात. पंक्तीत एखादं पोरगं म्हणायचं, “बाई, मला वधारे भात नको.” मी फार टोकत नसे. पण एका शब्दापाशी मी थबकायची. तो शब्द ‘खोटं’. मराठीत खोटं म्हणजे असत्य. गुजरातीत ‘खोटुं’ म्हणजे चुकीचं. वहीतलं गणित चुकलं की आमची मुलं म्हणणार, “बाई, याचं गणित खोटं आहे.” चुकणारा बिचारा लबाड ठरायचा! या शब्दाची गंमत पुढे एके दिवशी फारच उपयोगी पडली, म्हणून सांगून ठेवते.

२०१३ साली सयाजीराव महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. शाळेत कार्यक्रम बसवायचा ठरलं आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे असल्याने ‘महाराजांची जुबिली’ हा प्रवेश माझ्या वाट्याला आला. मिरवणूक, अंबारी, चोपदार, पेढे. मुलं तर नाचायलाच लागली. हत्तीचे पुढचे पाय कोण आणि मागचे पाय कोण, यावर त्याच दिवशी भांडणं झाली. मी म्हटलं, हत्ती होईल. पण जुबिली म्हणजे काय ते आधी कळू दे.

“जुबिली म्हणजे बाग!” एकदम चार-पाच आवाज आले. मुलांचं काही चुकलं नव्हतं. नगरगृहाजवळ जुबिली बाग आहे आणि सुट्टीच्या दिवशी शेव-उसळ खाऊन तिथे जायचं, एवढाच त्यांचा जुबिलीशी संबंध.

मग आम्ही शब्दांपासून सुरुवात केली. पंचवीस वर्षांचा रौप्यमहोत्सव, पन्नासचा सुवर्णमहोत्सव, साठचा हीरक, पंचाहत्तरचा अमृतमहोत्सव, शंभराची शताब्दी. एका मुलीने विचारलं, “पंचवीस-पंचवीसच्या उड्या चालल्या आहेत, मग मधेच साठ कुठून आलं?” प्रश्न अगदी रास्त होता. विलायतेची व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली. १८९७ साली तिच्या राज्याला साठ वर्षं झाली आणि तोच हीरकमहोत्सव म्हणून साजरा झाला. तेव्हापासून राजेरजवाड्यांत साठचा आकडा रूढ झाला. मुलं म्हणाली, “म्हातारी राणी पंचाहत्तरपर्यंत कशी थांबणार!” मला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. सयाजीराव महाराजांचा रौप्यमहोत्सव १९०७. सुवर्णमहोत्सव १९२६. हीरकमहोत्सव १९३६. आणि सांगितलं, वहीत उतरवा आणि महाराज गादीवर कधी बसले ते वजाबाकी करून काढा.

दोन मिनिटं पेन्सिलींचा आवाज. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा कधी फार बोलत नसे. वडील मंगळबाजारात कपड्यांच्या गाठोड्यावर बसायचे आणि हा संध्याकाळी त्यांना पैसे मोजायला मदत करायचा. तो म्हणाला, “बाई, हे खोटं आहे.”

“काय खोटं?”

“१९२६ मधून १९०७ गेले तर एकोणीस राहतात. पंचवीस पाहिजेत. पंचवीसची जुबिली आणि पन्नासची जुबिली यात एकोणीस वर्षं कशी?”

मी याच प्रश्नाची वाट बघत होते, पण तो या मुलाकडून येईल असं वाटलं नव्हतं. वर्गात गलका झाला. कुणी म्हणालं बाईंनी चुकीचं लिहिलं, कुणी म्हणालं महाराजांनीच गंमत केली. मी म्हटलं, “हे गुजराती खोटं नाही आणि मराठी खोटंही नाही. तिन्ही साल बरोबर आहेत. आता शोधा.”

शोधायला त्यांना गोष्ट सांगावी लागली.

नाशिक जिल्ह्यात, मालेगावच्या बाजूला, कवळाणे नावाचं खेडं. तिथे काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी. त्यांचा मुलगा गोपाळ. बडोद्याच्या राजघराण्याशी यांचं दूरचं नातं, पण राज्याशी काही देणंघेणं नाही. इकडे बडोद्याच्या गादीवर मल्हारराव महाराज. त्यांच्या आधी त्यांचे भाऊ खंडेराव, त्यांनी चांदीच्या तोफा करवल्या होत्या. मल्हाररावांनी सोन्याच्या केल्या. कारभार मात्र असा, की रेसिडेंट साहेबाला विष घालण्याचा आरोप येऊन इंग्रजांनी १८७५ साली त्यांना गादीवरून दूर केलं. मग खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि कवळाण्याहून मुलगे बघायला आणले. त्यांतला गोपाळ पसंत पडला. “कशाला आलास?” असं विचारल्यावर त्याने “राज्य करायला” असं बेधडक सांगितलं, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळाचे सयाजीराव झाले. वय बारा. आणि या बारा वर्षांच्या राजाला एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं.

इथे मी थांबले. वर्गात सगळे नऊ-दहा वर्षांचे. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “आम्हाला येतं.” त्या दोन शब्दांत तिला काय वाटलं असेल! आपल्याहून मोठा, राजा झालेला मुलगा, आणि त्याला ‘ग’ गिरवायचा आहे. त्या दिवसापासून वर्गातल्या मुलांचा महाराजांकडे बघण्याचा नूरच पालटला. आता ते तसबिरीतले फेटेवाले गृहस्थ राहिले नाहीत, पाटी घेऊन बसलेला एक मुलगा झाले.

सहा वर्षं त्यांनी शिकण्यात घालवली. राज्य दिवाण सर टी. माधवराव चालवत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

मंगळबाजारवाला मुलगा पुन्हा उभा. “बाई, मला कळलं! सोन्याची जुबिली गादीवर बसल्यापासून मोजली आणि चांदीची काम सुरू केल्यापासून.”

१८७५ मध्ये पन्नास मिळवा, १९२५. सोहळा झाला १९२६ च्या आरंभी. साठ मिळवा, १९३५. सोहळा १९३६ च्या जानेवारीत. आणि १८८१ च्या अखेरीत पंचवीस मिळवा, १९०६ ची अखेर. सोहळा १९०७. गणित चोख जुळलं. एवढं झाल्यावर तो मुलगा खाली बसला नाही. त्याने विचारलं, “मग खरी कुठली?”

वाचकहो, इतिहास शिकवताना उत्तरं देणं सोपं असतं. हा प्रश्न मात्र मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि म्हटलं, आपण गावात फिरून येऊ आणि मग ठरवू.

एका शनिवारी आम्ही निघालो. सतरा मुलं, मी आणि सोबतीला एका मुलाची आजी. पाणीगेटच्या कमानीखाली उभं राहून आधी बाहेरच्या बाजूला बघितलं. हा रस्ता आजव्याला जातो. तिथला सयाजी सरोवर हा तलाव महाराजांच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि १८९० च्या सुमारास त्याचं पाणी नळाने बडोद्यात आलं. मुलांना वाटलं, म्हणून याचं नाव पाणीगेट. नाही, नाव त्याच्याहून जुनं आहे. पण नावाला साजेसं काम त्याच बाजूने झालं खरं. आजी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई सांगायच्या, नळाला आलेलं पाणी आधी देवापुढे ठेवायचं की नाही यावरच घरात वाद झाले होते. पाणी कुणी भरलं, कुठून आलं, काही कळत नाही, मग ते सोवळ्याचं कसं? मुलं हसली. आजी हसल्या नाहीत.

तिथून सरळ मांडवी. मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय, सेंट्रल लायब्ररी. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. इथल्या कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. मुलं त्या काचेवर पाय ठेवायला घाबरत होती. मी त्यांना फिरत्या वाचनालयांबद्दल सांगितलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्याखेड्यांत पाठवली जायची. आपल्यासारख्या मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ नावाची पुस्तकमाला निघाली होती, मराठीत आणि गुजरातीतही. एकाने विचारलं, “पेटी आली की गाव पेढे वाटायचं का?” मी म्हटलं, पेटी हाच पेढा.

आणि शाळा. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. मूल शाळेत नाही गेलं तर बापाला दंड. हे ऐकून सगळ्या वर्गाला फारच आनंद झाला. आपल्या न जाण्याने दुसऱ्याला दंड होतो, ही कल्पना त्यांना पटली. पण पाहा, १९०६ म्हणजे रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर. शोभेच्या दारूबरोबर हाही एक दिवा तेव्हा लागला होता. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत पाटी मिळाली नव्हती, त्याने लावलेला.

रिक्षा करून आम्ही काळ्या घोड्यापाशी गेलो. सयाजीबागेच्या दारातला महाराजांचा हा अश्वारूढ पुतळा डरवेंट वूड नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केला. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, लोकांच्या वर्गणीतून तो उभा राहिला. वर्गणी हा शब्द आमच्या मुलांना शिकवावा लागत नाही, गणपतीत त्यांचा जन्म जातो. “बाई, वर्गणी मनाने दिली की मागितली म्हणून?” मी म्हटलं, वर्गणी म्हटली की दोन्ही आलं. शिवाय त्याच्या सातच वर्षं आधी गुजरातेत छप्पनियाचा दुष्काळ होऊन गेला होता, संवत १९५६ चा. तेव्हा काहींच्या घरात वर्गणीला पैसा नसेलही. पुतळ्याकडे बघताना हेही ध्यानात ठेवायचं.

जुबिली म्हटली की सगळीकडे एकच गोष्ट असते असं नाही, हे सांगायला मी त्यांना पुण्याला नेलं, अर्थात गोष्टीतून. १८९७ चा जून. व्हिक्टोरिया राणीच्या त्याच साठ वर्षांचा सोहळा. पुण्यात प्लेग. प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत, देवघरापर्यंत जात. लोक मनातून धुमसत होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत सरकारी बंगल्यावर रोषणाई आणि मेजवानी झाली, आणि तिथून परतणाऱ्या रँडसाहेबावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. चौथीच्या मुलांना हे सांगावं का, याचा मी बराच विचार केला होता. सांगितलं. कारण ज्या गावात घराघरांतून माणसं मरताहेत त्या गावात दिवे लावायचा हुकूम झाला तर काय होतं, हे जुबिलीच्या धड्यात यायला हवं असं मला वाटलं. मुलं गप्प झाली. मग एकजण म्हणाला, “दिवे बघून त्यांना जास्त राग आला असेल.”

त्याच राणीच्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने १८८७ साली मुंबईत बोरीबंदरच्या स्टेशनाला तिचं नाव मिळालं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. दोन्हींची नावं पुढे बदलली, स्टेशन शिवछत्रपतींचं झालं आणि इन्स्टिट्यूट वीरमाता जिजाबाईंची. पण गाड्या येतात-जातात, पोरं शिकतात. इकडे १९३६ च्या जानेवारीत, बडोद्याच्या हीरकमहोत्सवाच्याच महिन्यात, मुंबईला आगाखानांची सोन्याने तुला झाली. दहा वर्षांनी हिऱ्यांनी झाली. १९३७ मध्ये निजामाचा रौप्यमहोत्सव झाला. मुलांनी लगेच हिशेब केला, आमचे महाराज किती वजनाचे असतील आणि किती सोनं लागलं असतं. मी म्हटलं, आमच्याकडे काय झालं ते फळ्यावर लिहायचं आहे, शाळेत चला.

शाळेत आल्यावर खडू त्यांच्या हातात दिला. एक लिहा आणि पुढे सात मिंडी काढा. एक कोटी. हीरकमहोत्सवाच्या वेळी महाराजांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढून ठेवला. १९३६ चे एक कोटी! पुढे बडोद्याचं विद्यापीठ १९४९ मध्ये उभं राहिलं, त्यालाही या हीरकमहोत्सवी निधीचा हातभार लागला. ज्या विद्यापीठात आमच्यातल्या कुणाचा मामा शिकला, कुणाची आई तिथे झाडू मारते, ते.

इथवर सगळं गोड चाललं होतं. प्रवेशही मनात जुळत आला होता. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, आपण बागेत गेलो, पण संकल्पभूमीला नाही गेलो.”

मुलांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, तू सांग. ती उभी राहिली आणि सलग बोलली. दर वर्षी २३ सप्टेंबरला ती आजोबांबरोबर तिथे जाते. बाबासाहेबांना शिकायला अमेरिकेला महाराजांनीच पाठवलं, पैसे दिले. मग ते शिकून नोकरीला बडोद्याला आले, १९१७ साली. पण गावात त्यांना राहायला खोली कुणी देईना. पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मग ते बागेत झाडाखाली बसले आणि रडले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे आपल्या माणसांसाठीच जगायचं. “एवढं मोठं गाव,” ती म्हणाली, “आणि एक खोली नाही.”

वर्गात कुणी काही बोललं नाही. मग मंगळबाजारवाल्याने विचारलं, “महाराजांनी हुकूम का नाही काढला?”

महाराज हुकूम काढू शकत होते. अंत्यजांच्या मुलांसाठी त्यांनी फार लवकर शाळा काढल्या होत्या. दंड करून मुलांना शाळेत आणू शकत होते, आजव्याहून पाणी आणू शकत होते. पण घराचं दार आतून उघडायचं असतं आणि ते उघडणारा माणूस पोळीत राहतो, राजवाड्यात नाही. मी मुलांना एवढंच सांगितलं, की १९०७ ला पेढे खाणारं आणि १९१७ ला दार लावणारं गाव एकच होतं. आपलंच.

कार्यक्रमात हत्ती झाला. कबूल केलेला हत्ती मोडणं मला जमलं नसतं. पण तो आला आणि एका बाजूला उभा राहिला. पुढे एक मुलगा पाटी घेऊन बसला आणि ‘ग’ गिरवू लागला. मग दोघांनी पुठ्ठ्याची पेटी आणली, तिच्यातून पुस्तकं निघाली. सात मुलं सात मिंडी घेऊन उभी राहिली आणि आठव्याने एक धरला. शेवटी खिडकीजवळची ती मुलगी एकटीच आली, झाडाच्या फांदीखाली बसली. तिला मी एकही वाक्य दिलं नव्हतं. ती बसली आणि बाकीचे सगळे, हत्तीसकट, तिच्याकडे बघत राहिले. जमलेल्या पाहुण्यांपैकी एकांनी नंतर मला विचारलं, शुभ प्रसंगी हे कशाला? मी म्हटलं, मुलांनी बसवलं आहे. ते खरंच होतं.

पुढे माझ्या निवृत्तीच्या आधीच मराठी वर्गांचा पट घटत गेला. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले, त्यांना तरी काय बोल लावायचा? ज्या गावात मराठी साहित्य संमेलनं १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरली, ज्या महाराजांनी स्वतः १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्या गावात चौथीत सतरा मुलं जमवायला आम्हाला घरोघर फिरावं लागे. सीमेवरच्या तुम्हा वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पण त्या सतरांनी एका आठवड्यात जेवढा इतिहास मला शिकवला, तेवढा भरल्या वर्गांनी शिकवला नव्हता.

२०२५ साली सयाजीराव गादीवर आल्याला दीडशे वर्षं पूर्ण झाली. आमच्या पोळीत ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. मलाही हुरहुर लागली नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या त्या प्रश्नावर मुलांनी शेवटी मत घेतलं होतं. चौदा जणांचं म्हणणं, काम सुरू केल्यापासून मोजावं. दोघं गादीवर ठाम राहिले, कारण त्यात जुबिली लवकर येते. आणि खिडकीजवळची मुलगी म्हणाली, तिला वेगळं साल पाहिजे, १९१७.

चौदा जणांच्या हिशेबाने दीडशे वर्षं २८ डिसेंबर २०३१ ला होतात. तिच्या हिशेबाने १९१७ ला शंभर वर्षं २०१७ मध्येच झाली. त्या वर्षी २३ सप्टेंबरला मी बागेत गेले होते. गर्दी फार होती. ती कुठे दिसली नाही, आता मोठी झाली असेल. दिसली असती तरी मी तिला ओळखलं असतं की नाही, कोण जाणे. झाडाखाली एक आजोबा एका लहान मुलीला काही सांगत होते, आणि ती मधेच त्यांना थांबवून विचारत होती, “पण खोली का नाही दिली?”